गळा आणि हात

आजच्या भाषणाचा विषय तसा लहानसाच आहे. वाद्य वाजवीत असतांनाच गाणें कसें साधावें, एवढाच तो प्रश्न. रागशास्त्रांतील मोठमोठ्या वादांपुढें तो क्षुल्लक वाटेल. परंतु ज्या घरांत एखादा मुलगा गिटार घेऊन कोपऱ्यांत बसलेला आहे, ज्याचे ओठ उघडले कीं बोटें थांबतात आणि बोटें चालूं लागलीं कीं ओठ मिटतात, त्या घराला तो क्षुल्लक वाटणार नाहीं. आमच्या घराला तो तसा वाटला नाहीं. म्हणूनच त्यावर चार शब्द बोलण्याचें धाडस मी करीत आहें.

मी मूळचा उमापूरचा. बीड जिल्ह्यांत, गेवराई तालुक्यांत, गोदावरीच्या दक्षिणेकडील काळ्या रानांत आमचें हें गांव आहे. नोकरीनिमित्त मीं पुष्कळ वर्षें शहरांत काढलीं. शेती आणि घर वडील बंधूंनीं सांभाळलें. त्यांना आम्ही दादा म्हणतों. दादा गांवच्या भजनी मंडळांत पेटी वाजवीत आणि गात. डाव्या हातानें भाता, उजव्या हाताचीं बोटें पट्ट्यांवर आणि मुखीं अभंग, अशी त्यांची मूर्ति मीं लहानपणापासून पाहिलेली. त्यांच्याजवळ बसून मीही तसेंच करूं लागलों होतों. पुढें शहरांत शिकावयास गेलों तेव्हां एका शिक्षकांनीं मला ऐकलें आणि सांगितलें, "एक तर गा, नाहीं तर वाजव. दोन डगरींवर पाय ठेवशील तर मध्येंच पडशील." ते गृहस्थ वाईट नव्हते, त्यांच्या शिस्तीचा मला पुढें उपयोगही झाला. पण त्या दिवसापासून पेटीवर हात असतांना मीं तोंड उघडलें नाहीं. जवळजवळ तीस वर्षें मीं इतरांच्या गाण्याला साथ केली आणि स्वतःचें गाणें मनांतल्या मनांत म्हटलें.

दोन वर्षांपूर्वीं दादांना अर्धांगाचा झटका आला. वाचा वांचली, परंतु उजव्या हाताचीं बोटें कायमचीं गेलीं. मंडळाची पेटी कपाटावर जाऊन बसली. दादांचा धाकटा मुलगा त्या वेळीं सोळा वर्षांचा होता. त्यानें पेटी घ्यावी असें दादांच्या मनांत. त्यानें मागितली गिटार. घरांत थोडी कुरबूर झाली, पण कापसाचे पैसे हातीं आले तेव्हां दादांनींच ती घेऊन दिली. मी दिवाळीला गेलों त्या वेळीं प्रारंभींचा उत्साह सरलेला होता. मुलगा कॉर्ड धरीत होता, तारा छेडीत होता, गळा तर बापाचाच होता. पण दोन्ही एकत्र येईनात. तो मला म्हणाला, "काका, बोटाकडं बघितलं की शब्द इसरतो, आन् शब्दाकडं बघितलं की बोट थांबतं. मला नाही जमायचं. इकून टाकतो." दादा पलंगावरून एवढेंच बोलले, "इकायची तर इक. पण म्हणायचं सोडू नको."

मला माझीं तीस वर्षें आठवलीं. मुलाला काय सांगावें तें मला त्या क्षणीं सुचलें नाहीं. परंतु त्या रात्रीपासून मी या प्रश्नाचा विचार करूं लागलों.

प्रथम हें अवघड कां जातें तें पाहूं. मनुष्याचें लक्ष एका वेळीं एकाच नव्या कामाला पुरतें. सायकल शिकणारा मुलगा हँडल सांभाळतांना धड बोलूंही शकत नाहीं. तोच मुलगा सहा महिन्यांनीं पाठीमागें भावाला बसवून गप्पा मारीत बाजारांतून येतो. त्याचें लक्ष वाढलेलें नसतें. सायकल लक्षाबाहेर जाऊन सवयीच्या स्वाधीन झालेली असते. तेव्हां गाणें आणि वाजविणें या दोहोंपैकीं एक तरी असें सवयीच्या स्वाधीन झालें पाहिजे, हा पहिला नियम.

परंतु एवढ्यानें भागत नाहीं. ज्यांना दोन्ही गोष्टी निरनिराळ्या उत्तम येतात, त्यांचीही दोन्ही एकत्र करतांना त्रेधा उडते. याचें कारण असें कीं, वेगवेगळें शिकतांना दोहोंच्या दोन लयी होऊन बसलेल्या असतात. गातांना आपण आवडत्या अक्षरावर रेंगाळतों. वाजवितांना अवघड जागीं किंचित् थबकतों. एकेकट्यानें केलेले हे लहानसे अपराध कोणाच्या ध्यानांत येत नाहींत. दोघांना एका जुवाखालीं जुंपलें कीं ते उघडे पडतात. म्हणून गाणें ही एक विद्या, वाजविणें ही दुसरी, आणि त्यांचा सांधा ही तिसरी स्वतंत्र विद्या आहे. तिचा रियाजही स्वतंत्रच करावा लागतो.

ही तिसरी विद्या आपल्या लोकांना नवी नाहीं. जात्याचें उदाहरण घ्या. बाया ओव्या गात त्या कष्टांचा विसर पडावा म्हणून, एवढेंच आपण सांगतों. पण खुंटा धरून जातें ओढणारा हात त्या ओवीला लय देत असे, आणि ओवी त्या हाताला बळ देत असे. हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ यांच्या गटानें महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांतून अशा एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. आमच्याच जिल्ह्यांत, माजलगांवीं, १९९६ सालीं बायांनीं त्यांना बाबासाहेब आंबेडकरांवरील ओव्या गाऊन दाखविल्या. हात आणि गळा यांची फारकत होऊं शकते, ही कल्पनाच त्या गाण्याला ठाऊक नाहीं.

वारकरी कीर्तनांतील टाळकरी पाहा. हातांत टाळ, मुखांत अभंग आणि पायांत पावली, अशीं तीन कामें तो एकदम करतो, आणि तीं तीन आहेत याची त्याला जाणीवही नसते. शाहीर डफावर थाप मारीतच पोवाडा म्हणतो. तुणतुणें आणि झील तेवढी साथीदारांकडे सोंपवितो. तुकडोजी महाराजांच्या (१९०९–१९६८) हातांतील खंजिरी त्यांच्या भजनापासून निराळी काढतां येत नाहीं. शहरांतील श्रोत्यांना जवळचें उदाहरण हवें असेल तर सुधीर फडके यांचें घ्यावें. १९५५ सालच्या रामनवमीस पुणें आकाशवाणीवरून गीतरामायणाचा आरंभ झाला आणि वर्षभरांत त्याचीं ५६ गीतें झालीं. पुढें त्याचे जाहीर कार्यक्रम फडके यांनीं केले ते स्वतः पेटी वाजवीत गाऊन. किशोरीताई आमोणकर मांडीवर स्वरमंडल घेऊन गात. गोमंतकांत रेमो फर्नांडिस यांनीं गिटार आणि गळा एकत्र चालविला. तेव्हां दोन डगरींची उपमा सर्वस्वीं खरी नाहीं, हें उघड आहे.

मात्र प्रत्येक वाद्य गाणाऱ्याकडून निरनिराळी मागणी करतें, हें नीट ध्यानांत घेतलें पाहिजे. तंबोरा किंवा वारकऱ्यांची वीणा यांच्या मोकळ्या तारा त्याच त्या क्रमानें छेडावयाच्या. हाताला निर्णय असा करावा लागत नाहीं. डफ आणि खंजिरी लय मागतात, सूर मागत नाहींत. पेटीवर गाण्याचीच चाल बोटांखालीं वाजत असते. त्यामुळें गळ्याला आधार मिळतो, आणि गाफील राहिल्यास गळा पेटीचा ताबेदारही होतो. गिटारचें तसें नाहीं. गळ्यांतली चाल बोटांत नसते. डावा हात तीन किंवा अधिक स्वरांचा समूह, म्हणजे कॉर्ड, धरून बसतो आणि आपल्याच ठरलेल्या जागीं ती बदलतो. उजवा हात खालीं-वर असा आपला वेगळा ठेका चालवितो. गळ्याची एक वाट, डाव्या हाताची दुसरी आणि उजव्या हाताची तिसरी. या तिघांचें गांव एकच आहे, आणि त्याचें नांव ताल. माझा पुतण्या त्या तिन्ही वाटांवर एकदम धांवूं पाहत होता. गांवाकडे मात्र त्याचें लक्ष नव्हतें.

हें उमगल्यावर आम्ही दोघांनीं मिळून रियाजाची एक रीत बसविली. ती आपल्यापुढें क्रमानें ठेवतों.

पहिली पायरी हाताची. दोनच सोप्या कॉर्ड घ्याव्यात आणि आठ मात्रांच्या केरव्याच्या लयींत उजवा हात संथपणें चालूं ठेवावा. तोंडानें कांहीं म्हणूं नये. हात सवयीच्या स्वाधीन झाला कीं नाहीं, हें ओळखण्याची एक साधी परीक्षा आहे. घरांतील कोणी तरी मध्येंच विचारावें, "आज भाजी कसली होती?" हात न अडखळतां उत्तर देतां आलें तर पायरी चढली असें समजावें. आमच्या घरीं हें काम वहिनींनीं मोठ्या आनंदानें केलें. पहिले चार दिवस मुलाला भाजीचें नांव सांगतां आलें नाहीं.

दुसरी पायरी गळ्याची. गिटार बाजूला ठेवावी आणि हातावर टाळी-खाली दाखवीत गाणें म्हणावें. विष्णु दिगंबर पलुसकर यांनीं १९०१ सालीं लाहोरास स्थापन केलेल्या गांधर्व महाविद्यालयाच्या परंपरेंत विद्यार्थ्याला हातानें ताल देत बोल म्हणावयास लावतात, त्यामागें हेंच शहाणपण आहे. हाताला आणि जिभेला एका घरांत राहण्याची संवय तेथूनच लागते. हें करतांना कोणतें अक्षर समेवर येतें तें वहींत लिहून ठेवावें, आणि ज्या अक्षरावर कॉर्ड बदलावयाची त्याच्या डोक्यावर खूण करावी. शब्दाच्या मधल्या अक्षरावर बदल येत असेल तर तेंच अक्षर ठळक लिहावें. बहुतेक मुलें कागदावर शब्दांच्या वर कॉर्डचीं नांवें अदमासानें लिहितात, आणि एका अक्षराची चूक पुढें महिनाभर गिरवितात.

तिसरी पायरी सांध्याची. येथें एकदम गाऊं नये. शब्द नुसते बोलावेत. प्रत्येक आवर्तनाच्या समेवर तारा एकदांच छेडाव्यात आणि मधल्या मात्रा मनांत मोजाव्यात. तें साधलें कीं आवर्तनांत दोनदां, मग चारदां, आणि शेवटीं पुरा ठेका. त्यानंतर शब्दांऐवजीं चाल गुणगुणावी, आणि सर्वांत शेवटीं शब्द व चाल एकत्र करावी. कांहीं गाण्यांचा मुखडा समेनंतर, एखादी मात्रा सोडून उठतो. तेथें ती रिकामी मात्रा पायानें दाबावी; नाहीं तर गळा हाताच्या मागें धांवत सुटतो.

चौथी गोष्ट चुकीसंबंधीं. उजवा हात कोणत्याही कारणानें थांबूं नये. शब्द सुटला तर सुटूं द्यावा, कॉर्ड चुकली तर चुकूं द्यावी. पण हात चालूं ठेवून पुढची सम गांठावी. मुलें याच्या उलट करतात. चूक झाली कीं हात थांबवितात आणि पहिल्या ओळीपासून पुन्हां आरंभ करतात. त्यामुळें पहिली ओळ शंभर वेळां होते, अवघड जागा मात्र दहा वेळांही होत नाहीं, आणि चुकल्यावर थांबण्याचीच संवय पक्की होते. अवघड जागेचा रियाज निराळा करावा. तिच्या आधींच्या दोन मात्रा आणि नंतरच्या दोन मात्रा एवढाच तुकडा घ्यावा, चूक होणारच नाहीं इतक्या विलंबित लयींत तो म्हणावा, आणि मग लय थोडथोडी वाढवावी.

पांचवी गोष्ट पट्टीची. पुष्कळ मुलें बोटांना सोपी म्हणून एखादी कॉर्ड धरतात आणि गळ्याला तिच्यामागें फरफटत नेतात. गळा हा मालक आणि गिटार ही साथीदार, हें नातें उलटूं देऊं नये. पेटीवर आपली पट्टी कोणती तें आधीं पाहावें. गिटारचा प्रत्येक पडदा अर्ध्या स्वरानें चढतो आणि बाराव्या पडद्यावर सप्तक पुरें होतें. सगळ्या तारा एकदम दाबणारा चिमटा, ज्याला कॅपो म्हणतात, तो हव्या त्या पडद्यावर बसविला कीं बोटांची ठेवण तीच राहून पट्टी तेवढी चढते. पांढरी एकच्या कॉर्ड धरावयाच्या आणि चिमटा तिसऱ्या पडद्यावर लावावयाचा, म्हणजे काळी दोन मिळते. आमच्या मुलाची पट्टी काळी दोनच निघाली. दादा उजव्या कुशीवर वळत म्हणाले, "माझीबी तीच व्हती."

शेवटची गोष्ट बैठकीची. गिटारवर वांकून, बोटांवर डोळे खिळवून बसलें कीं पोट दबतें आणि श्वास तोकडा होतो. मग आवाज फुटत नाहीं म्हणून गळ्याला दोष दिला जातो. पाठ सरळ ठेवावी, मान मोकळी ठेवावी, आणि कॉर्ड बदलतांना काय तो एक दृष्टिक्षेप टाकावा. रोज वीस मिनिटांचा रियाज आठवड्याच्या एका दिवशींच्या दोन तासांपेक्षां अधिक फळ देतो, हें अनुभवानें सांगतों.

एवढें सगळें करूनही, खरें सांगावयाचें तर, तीन महिन्यांत मुलाचा हात पुरता मोकळा झाला नव्हता. त्याला मोकळें केलें तें आमच्या रीतीनें नव्हे, तर गांवच्या सप्ताहानें. आपणांस ठाऊकच असेल कीं अखंड हरिनाम सप्ताहांत सात दिवस, रात्रंदिवस, वीणा खालीं ठेवीत नाहींत. पहाऱ्याप्रमाणें ती एकाच्या गळ्यांतून दुसऱ्याच्या गळ्यांत जाते. पहारेकरी उभ्यानें तार छेडीत नामस्मरण करतो. दादा पूर्वीं रात्रीं दोन ते चारचा पहारा करीत. त्या वर्षीं त्यांच्या जागीं मुलगा उभा राहिला. मी सप्ताहासाठीं गांवीं गेलों होतों. पहाटे काकड्याच्या आधीं तो देवळाच्या पायरीवर माझ्याजवळ येऊन बसला आणि म्हणाला, "काका, पहिला अर्धा तास हात माझा व्हता. मंग तो इण्याचा झाला. मी नुसता म्हणत व्हतो."

श्रोतेहो, मीं जें पांच-सहा कलमांत सांगितलें तें सारें त्या एका वाक्यांत आलें आहे. हात सोपा असावा, काम तेंच तें असावें, वेळ पुरेसा असावा, आणि मध्यें थांबण्याची सोय नसावी. मग हात आपला राहत नाहीं, तो वाद्याचा होतो. आणि गळा मोकळा होतो. त्यानंतर मुलानें गिटार घेतली ती निराळ्या तऱ्हेनें. महिन्या-दीड महिन्यांतच एका संध्याकाळीं त्यानें दादांच्या पलंगाशीं बसून एक अभंग पुरा म्हटला. दोन ठिकाणीं कॉर्ड चुकली. हात थांबला नाहीं. दादा डाव्या हातानें पलंगाच्या पाटीवर ताल देत होते, आणि शेवटच्या चरणाला त्यांनींही सूर मिळविला.

गिटार देवळांत न्यावी कीं नाहीं, याविषयीं आमच्या मंडळाचें अजून एकमत झालेलें नाहीं. कांहीं वृद्ध म्हणतात, हें परक्यांचें वाद्य. त्यांच्याशीं मी वाद घालीत नाहीं. एवढेंच आठवून देतों कीं, ज्या पेटीसाठीं ते हळहळतात तीही मूळची युरोपांतूनच आली. रेडिओनेंही तिला १९४० सालीं बाहेरचा रस्ता दाखविला होता. तिचे स्वर ठरीव, तिच्यावर मींड निघत नाहीं, हा तिच्यावरील आक्षेप. १९७१ सालीं ती बंदी सैल झाली. पण मधल्या तीस-एकतीस वर्षांत खेड्यांतल्या भजनी मंडळांनीं पेटी सोडली नाहीं, कारण एका माणसाला बसल्या जागीं गातां आणि वाजवितां येईल असें दुसरें सोपें साधन त्यांच्याजवळ नव्हतें. गिटारचा निकालही असाच काळावर आणि गाणाऱ्यांवर सोंपवावा हें बरें.

आतां माझ्यापुरतें एक सांगून थांबतों. त्या संध्याकाळीं मुलगा गिटार भिंतीला टेकवून उठला आणि त्यानें कपाटावरची पेटी खालीं काढली. तिच्यावरची धूळ पुसून ती माझ्यापुढें ठेवली. कोणी कांहीं बोललें नाहीं. मीं भाता उघडला, काळी दोन दाबली, आणि तीस वर्षांनीं तोंड उघडलें. दुसऱ्याच ओळींत बोटें अडखळलीं आणि मी थांबलों. तेव्हां मुलगा म्हणाला, "काका, हात थांबवायचा नाही."

आपल्या घरांतही कोपऱ्यांत बसलेला असा कोणी असेल. त्याला दोहोंपैकीं एक निवडावयास सांगण्यापूर्वीं थोडा धीर धरावा, भाजीचें नांव विचारावें, आणि हात चालूं राहील एवढें पाहावें.